उरलेले तीन लाख कुणाचे?

कोल्हापुरातल्या एका पेठेत राहणाऱ्या ताईंचं पत्र आहे. शेजारच्या सात वर्षांच्या मुलाच्या हृदयाला छिद्र असल्याचं निघालं. खासगी दवाखान्यानं साडेचार लाखांचा अंदाज सांगितला. मुलाचे वडील शिरोलीत फौंड्रीत कंत्राटी कामाला. ताईंनी स्वतःचा क्यूआर कोड टाकून व्हॉट्सॲपवर मेसेज फिरवला, गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी दोन दिवस डबा फिरवला. नऊ दिवसांत ३,८७,४०० रुपये जमले, त्यातले ४६,२०० डब्यातले. दरम्यान शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाच्या डॉक्टरांनी वाट दाखवली आणि शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून, बिल न भरता झाली. मुलगा घरी आहे, बरा आहे. तपासण्या, बाहेरची औषधं, जाणं-येणं, राहणं मिळून ७१,८५० खर्च झाले. उरले ३,१५,५५०.

आता वडील म्हणतात, ‘आमच्या पोराच्या नावानं आलेले पैसे आमचेच, द्या, कर्ज फेडतो.’ तालमीची पोरं म्हणतात, पुराच्या मदतीला राहू देत. दोघांनी आपले पैसे परत मागितलेत, एकाचे २,०००, एकाचे ५०१. आणि एका गृहस्थांनी ग्रुपवर एकच शब्द टाकला: ‘हिशेब?’ ताई विचारतात, ‘चांगलं करायला गेले आणि चोर ठरले. वडिलांना सगळे देऊन मोकळी होऊ का? आणि पुन्हा असल्या भानगडीत पडूच नये का?’

ताई, तुम्हाला चोर कुणी म्हटलेलं नाही. तुम्हीच लिहिलंय की ग्रुपवर एवढा एकच शब्द आला. पुढचं वाक्य तुम्ही मनात पुरं केलंत. गणपती झाले की तालमीच्या फलकावर जमा-खर्च लागतो, लोक उभे राहून वाचतात, मांडववाल्याला एवढे कसे दिले म्हणून दोन शब्द बोलतात, आणि त्यावरून खजिनदार घरी जाऊन रडत बसत नाही. वर्गणी घेतली की हिशेब आला. तुमच्याकडे तो मागायची वेळ आली, एवढंच चुकलं. तो आपणहून टाकायला हवा होता. तेव्हा त्या गृहस्थांवरचा राग थोडा बाजूला ठेवा, त्यांचं काम पुढे आहे.

पैसे कुणाचे, हे तुमच्या पहिल्या मेसेजवरून ठरतं. तो उघडा आणि शब्दन् शब्द वाचा. ‘ऑपरेशनसाठी मदत करा’ असं लिहिलं असेल, तर लोकांनी ऑपरेशनसाठी दिले. ‘उपचारासाठी’ लिहिलं असेल, तर पुढच्या तपासण्या, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या हे सगळं त्यात बसतं. ‘कुटुंबाला आधार द्या’ असं असेल, तर वडिलांच्या म्हणण्यात बराच जोर आहे. ज्या कारणासाठी मागितले त्या कारणापुरते ते तुमच्याकडे सोपवलेले आहेत. ते तुमचे नाहीत, वडिलांचे नाहीत, तालमीचे तर नाहीतच. एकाच मेसेजच्या तीन आवृत्त्या फिरल्या असतील, आणि बहुतेक फिरल्याच असतील, तर सगळ्यात आधी गेलेली आणि सगळ्यात कमी वचन देणारी धरा.

पण त्याआधी आजच्या आज करायचं काम वेगळं आहे. ते तीन लाखांवर रुपये तुमच्या पगाराच्या खात्यात पडून आहेत. त्याच खात्यातून तुमचं लाइट बिल जातं, किराणा जातो, मोबाइलचा हप्ता जातो. महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला शिल्लक ३,०४,००० झाली, तर त्या दिवशी कागदावर तुम्ही लोकांचे साडेअकरा हजार वापरलेत. एक तारखेला पगार येऊन भरपाई होते, पण पासबुक बघणाऱ्याला ते सांगत कोण बसणार? आणि आणखी एक, वाईट वाटून घेऊ नका: उद्या तुम्हाला काही झालं तर ती रक्कम तुमच्या नावावरची म्हणून वारसांच्या भानगडीत अडकेल. तेव्हा तुम्ही आणि घराबाहेरची एक विश्वासाची व्यक्ती, अशा दोघांच्या नावानं वेगळं बचत खातं उघडा. फॉर्मवर ‘दोघांच्या सहीनं’ हाच पर्याय निवडा. ‘दोघांपैकी कोणीही’ यावर खूण केलीत तर दुसऱ्या सहीला काही अर्थ राहत नाही. ३,१५,५५० ची पूर्ण रक्कम एकाच एंट्रीनं तिकडे वळती करा, म्हणजे पुढचा हिशेब त्या एका ओळीपासून सुरू होईल.

आता हिशेब. बँकेच्या ॲपवरून त्या नऊ दिवसांचं आणि नंतरचं स्टेटमेंट काढा. प्रत्येक यूपीआय जमेला बारा आकडी व्यवहार क्रमांक असतो. वहीत किंवा एक्सेलमध्ये चारच रकाने पुरतात: तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, शेरा. उदाहरणार्थ ‘१४ तारीख, ५०१, ७७३२’. देणाऱ्याला आपली नोंद चटकन सापडते आणि त्याचं नाव-नंबर गावभर होत नाही. दिलेल्या रकमांची नावानिशी यादी ग्रुपवर टाकू नका. एकानं ५१ दिलेले असतात, त्याच्या भावानं ५,००० दिलेले असतात, आणि मग लग्नकार्यात तो विषय निघतो.

डब्याच्या रोख पैशात नेहमी एकच घोळ होतो. समजा ४६,२०० मधले ३०,००० बँकेत भरले आणि १६,२०० परस्पर औषधांना, गाडीभाड्याला गेले. लोक जमेला ३०,००० लिहितात आणि तो परस्पर खर्च सोडून देतात. मग तालमीच्या पोरांनी मोजलेला आकडा आणि तुमचा आकडा जुळत नाही आणि संशयाला तिथं पाय फुटतात. जमेच्या बाजूला पूर्ण ४६,२०० लिहा, खर्चाच्या बाजूला १६,२०० लिहा. रिक्षाची, चहा-नाश्त्याची पावती नसते. तिथं साध्या कागदावर तारीख, रक्कम, कशासाठी हे लिहून पैसे घेणाऱ्याची सही घ्या. मुलाचे रिपोर्ट, दवाखान्यातला नळ्या लावलेला फोटो, यातलं काहीही हिशेबाला जोडू नका. तो मुलगा उद्या याच पेठेत मोठा व्हायचा आहे.

ही फाइल तुमच्यासाठीही लागेल. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम विनामोबदला आपल्या खात्यात आली, तर आयकर खातं ती तुमचं उत्पन्न धरू शकतं. तुम्ही ती स्वतःसाठी घेतली नाही, हे तोंडानं सांगून भागत नाही. मेसेजचा स्क्रीनशॉट, दवाखान्याचं अंदाजपत्रक, जमा-खर्च आणि शिल्लक कुठे गेली त्याच्या पावत्या लागतात. रिटर्न भरायच्या आधी हे सगळं सीएकडे ठेवा. घाबरायचं कारण नाही, पण ‘समाजकार्य होतं, कोण विचारतंय’ यावर विसंबूही नका.

वडिलांचं बोलणं तुम्हाला लोभाचं वाटलं, हे पत्रातून जाणवतं. थोडं त्यांच्या जागी उभं राहून बघा. दवाखान्याचा अंदाज साडेचार लाख म्हणतो, त्यात बापाचा बुडालेला रोज कुठेच नसतो. कंत्राटी कामगाराला भरपगारी रजा कुठली? समजा तो ३८ दिवस कामावर गेला नाही आणि रोज ६०० रुपये, तर २२,८०० घरात आलेच नाहीत. शिवाय पेशंटसोबतच्या माणसाचं जेवण, आजीला बघायला आणून ठेवलं तिचं भाडं. मदतीच्या मेसेजमध्ये हे कुणी लिहीत नाही, कारण ‘ऑपरेशन’ या शब्दाला जेवढे पैसे येतात तेवढे ‘रोज बुडाला’ याला येत नाहीत. हा बुडालेला रोज द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते दात्यांना उघड सांगून द्यावा. आजारपणाच्या काळात काढलेलं हातउसनंही बघा. पण त्याआधीचं कर्ज, गाडीचा हप्ता, भिशीची थकबाकी हे यात येत नाही. वडिलांशी बोलताना ‘तुम्हाला देता येत नाहीत’ अशी सुरुवात करू नका. कागद घेऊन बसा, आजारामुळे काय काय बुडालं ते त्यांनाच सांगू द्या आणि तुम्ही लिहा. सोबत ते दुसरे सहीवाले असू देत.

मुलाच्या पुढच्या वर्षभराच्या तपासण्या किती, कधी, कुठे, हे डिस्चार्ज कार्डावर असतं. त्यासाठी, धरून चालू, ४०,००० बाजूला ठेवा. ते वडिलांच्या हातात एकरकमी न देता त्या त्या तपासणीला तिथल्या बिलावर द्या. बुडालेला रोज २२,८००. परत मागणाऱ्यांचे २,५०१. म्हणजे साधारण अडीच लाख उरतात आणि खरा प्रश्न त्यांचा आहे.

परत मागणाऱ्यांशी वाद घालू नका, देऊन टाका. फक्त ज्या यूपीआय खात्यावरून पैसे आले त्याच खात्यावर पाठवा. ‘तो नंबर बंद आहे, या दुसऱ्यावर पाठवा’ असं कुणी म्हटलं की थांबा. असाही माणूस भेटतो ज्यानं कधी काही दिलेलंच नसतं, किंवा ‘चुकून ५०० ऐवजी ५,००० गेले’ म्हणून खोटा स्क्रीनशॉट दाखवतो. स्टेटमेंटमध्ये जमा दिसली तरच रक्कम परत जाईल. फसवणुकीचा पैसा कुणी तुमच्या क्यूआरवर टाकला असेल तर पोलिसांच्या तक्रारीवरून बँक ती रक्कम किंवा कधी खातंही गोठवते, आणि ऐन गरजेला हात बांधले जातात. पगाराचं खातं वापरू नये याचं हेही एक कारण. असं काही जाणवलं तर १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

तालमीच्या पोरांची पुराची सूचना चांगल्या मनानं आलीय, पण ती नको. पोराच्या हृदयासाठी दिलेले पैसे ताडपत्र्यांना लावले की पुढच्या वेळी लोक डब्यात हात घालताना विचार करतील. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी गाठायला लागली की मदतीचे मेसेज आपोआप सुरू होतात. पुरासाठी पुराच्या वेळी वेगळं मागता येईल. (आणि तेव्हा जुने कपडे गोळा करू नका, २०१९ ला त्यांचे ढीग पडले होते. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला खराटे, फावडी, फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि पोरांना वह्या-पुस्तकं लागतात.)

अडीच लाखांबाबत दात्यांनाच विचारा. ज्या ज्या ग्रुपवर पहिला मेसेज गेला होता तिथं असा मजकूर टाका: ‘आपण दिलेल्या मदतीतून मुलाची शस्त्रक्रिया पार पडली. मोठा खर्च सरकारी योजनेतून झाला. जमा ३,८७,४००, खर्च ७१,८५०, शिल्लक ३,१५,५५०. त्यातून मुलाच्या पुढील तपासण्यांसाठी ४०,०००, वडिलांच्या बुडालेल्या मजुरीसाठी २२,८०० आणि परतफेडीचे २,५०१ देत आहोत. उरलेली रक्कम इतर गरजू बालरुग्णांच्या उपचारासाठी देण्याचा विचार आहे. आपले पैसे परत हवे असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवा. हिशेब रविवारी संध्याकाळी तालमीत बघायला ठेवला आहे.’ पंधरा दिवसांची मुदत द्या. मोठ्या रकमा देणाऱ्या दहा-वीस जणांना फोन करा. ग्रुप म्यूट केलेला असतो हे आपल्याला माहीत आहेच.

मग द्यायचे कुणाला? तुम्ही स्वतः पेशंट शोधत फिरू नका. तीन दिवसांत दारात रांग लागेल आणि कुणाला नाही म्हणायचं हे ठरवायला तुम्ही डॉक्टर नाही. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. कुठल्या पेशंटचं काय अडलंय, योजनेत न बसणारं इम्प्लांट, बाहेरून आणायचं इंजेक्शन की नुसतं गावी जायचं भाडं, हे त्यांना रोज दिसतं. त्यांच्याकडून गरज समजून घ्या आणि पैसे त्या वस्तूच्या बिलावर दुकानदाराला किंवा रुग्णालयाला द्या, कुणाच्याही हातात रोख नको. दुसरा मार्ग, मुलांच्या उपचाराचं काम करणारी नोंदणीकृत संस्था. तिला चेकनं द्या, पावती घ्या आणि पत्रात लिहा की ही रक्कम बालरुग्णांच्या उपचारासाठीच आहे. दुसरा मार्ग मला जास्त सोयीचा वाटतो. कारण एका ओळखीच्या मुलासाठी शेजाऱ्यांनी काढलेले पैसे ही एक गोष्ट, आणि ‘गरजूंसाठी’ म्हणून तुम्ही वर्गणी घेत-वाटत राहिलात की ते सार्वजनिक काम झालं. नोंदणी नसलेल्या गटानं तसं करायचं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच ती परवानगी. पोरांना विचारा, त्यांना फॉर्म पाठ असेल.

पुन्हा या भानगडीत पडू का, असं विचारलंत. पडा, पण क्यूआर कोड शेवटी काढा. यावेळी तो पहिल्या दिवशीच निघाला, म्हणून तीन लाख उरले. अशाच विचारात असलेल्या बाकी वाचकांनीही हा क्रम लिहून ठेवावा.

मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर आधी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात, आणि जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया त्यातून मोफत होते. शाळेच्या मुख्याध्यापकांकडे किंवा अंगणवाडी ताईंकडे विचारलं तरी धागा सापडतो. नंतर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन थेट तिथं जा. आपल्या दवाखान्यात ती शस्त्रक्रिया योजनेत आहे का, हे १५५३८८ वर विचारता येतं. लोक इथं नेमकी एक चूक करतात. आधी पेशंट योजनेबाहेरच्या दवाखान्यात दाखल करतात, डिपॉझिट भरतात आणि मग योजना शोधतात. तातडी नसेल तर दाखल व्हायच्या आधी विचारा.

योजनेत बसत नसेल तर ट्रस्टच्या रुग्णालयाकडे वळा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना वर्षाला १,८०,००० आणि दुर्बल घटकांना ३,६०,०००. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, तो ऐनवेळी मिळत नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज यानंतर. त्यासाठी दवाखान्याचं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक लागतं.

एवढं करून जो फरक उरेल, तेवढाच मागा. मेसेजमध्ये आकडा लिहा, शेवटची तारीख लिहा, आणि ‘उरल्यास याच रुग्णालयातील इतर बालरुग्णांसाठी देऊ’ ही ओळ लिहा. ही एक ओळ असती तर तुम्हाला हे पत्र लिहावं लागलं नसतं. पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यावर, पेशंटच्या नोंदणी क्रमांकासह मागवा. रुग्णालयाला यूपीआयनं ५ लाखांपर्यंत भरता येतात. आकडा पुरा झाला की त्याच मिनिटाला ‘धन्यवाद, आता पाठवू नका’ असं टाका. तुमचा जुना मेसेज आजही कुठल्यातरी ग्रुपवर फिरत असणार, म्हणून तो क्यूआर बंद करायला बँकेला सांगा.

डबा फिरवायचाच असेल तर झाकणाला कागद चिकटवून दोघांच्या सह्या घ्या, त्याच संध्याकाळी चौघांसमोर फोडा, नोटांची प्रतवारी लिहा (५०० च्या इतक्या, १०० च्या इतक्या, चिल्लर इतकी) आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. मधल्या रात्री ते तालमीतच कुलपात राहू देत, कुणाच्या घरी ठेवू नका, ज्याच्या घरी राहतो त्याच्यावर उगाच बालंट येतं.

८०जी ची, म्हणजे आयकरात वजावट मिळवून देणारी, पावती मागणाऱ्यांना सरळ सांगा की व्यक्तीच्या खात्यावर दिलेल्या मदतीला ती मिळत नाही. संस्थेला दिल्यावर मिळते, तीही २,००० पेक्षा जास्त रोख दिली असेल तर त्या रकमेला नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर त्या वजावटीचा फायदाच नाही. अमेरिकेतल्या मावसभावानं पाठवतो म्हटलं तर आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी कायद्यानं परदेशी निधीत मोडते आणि त्यासाठी केंद्राची वेगळी नोंदणी लागते. त्याला तशी नोंदणी असलेल्या संस्थेकडे पाठवा.

आणि ते ‘हिशेब?’ लिहिणारे गृहस्थ. शुक्रवारी त्यांना फोन करा आणि सांगा, रविवारी सहा वाजता तालमीत या, येताना चष्मा आणा. स्टेटमेंटची छापील प्रत त्यांच्या हातात द्या, वही तुम्ही धरा. ते एकेक रक्कम मोठ्यानं वाचतील, तुम्ही खूण करत जा. बेरीज जुळली की खाली पहिली सही त्यांची घ्या, आणि बँकेतल्या त्या दुसऱ्या सहीसाठी माणूस शोधत असाल तर तेही तेव्हाच विचारून टाका.